मदत हवी आहे: एफवायनंतर उमवितून पुणे विद्यापीठात ट्रान्सफर, आधी टीसी काढायची की मायग्रेशन?

सातपुडा_पायथा:
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय. लहान बहिणीचं एफवाय बीएस्सी झालं, तालुक्याच्याच कॉलेजात, म्हणजे उमविच्या (जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या) अंडर. तिला एसवायपासून स्टॅट (संख्याशास्त्र) मेजर, म्हणजे मुख्य विषय घ्यायचंय आणि आमच्या इथे स्टॅट फक्त मायनरला, म्हणजे जोडविषयाला आहे, पुढे मेजर म्हणून नाही. पुण्यातल्या एका कॉलेजात आहे, ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे, स्वायत्त नाही.

आता कुणी म्हणेल एवढं काय स्टॅटचं. तर ऐका, ही पोरगी पेपरात रावेरचे केळीचे भाव येतात ना, ते रोज वहीत उतरवते, बारावीपासून चालू आहे, एका पानावर तारीख आणि भाव, समोरच्या पानावर आलेख, तोही हाताने काढलेला. मागच्या वर्षी व्यापारी दारात आला तेव्हा आप्पांना म्हणाली सरासरी भाव नका बघू, या महिन्यात भाव किती खालीवर होतो ते बघा, आठ दिवस थांबणं परवडतं का नाही ते त्यावर आहे. आप्पा थांबले नाहीत ती गोष्ट वेगळी, पण त्या दिवसापासून तेच म्हणताय की हिला शिकू द्या, पुण्याला जायचं तर पुण्याला. आमच्या घरातून मुलगी शिकायला जिल्ह्याबाहेर पहिल्यांदाच जाईल त्यामुळे माझ्याकडून कागदापायी काही अडायला नको असं वाटतं, म्हणून इतकं सविस्तर विचारतोय.

अडचण अशी की पुण्याच्या कॉलेजात फोन केला तर म्हणे आधी मायग्रेशन (विद्यापीठ बदलायचा दाखला) आणा मग बघू. इकडे कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर म्हणे आधी टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढा, टीसीशिवाय मायग्रेशनचा फॉर्म पुढे जात नाही. आणि टीसी काढली की इकडचं नाव कमी होणार, मग पुण्यात जागाच नाही मिळाली तर पोरगी ना इकडची ना तिकडची, वर्ष गेलं. सेम टूचा निकालही अजून लागलेला नाही. शेतात कपाशीची लागवड चालू आहे त्यामुळे रोज जळगाव नाहीतर पुण्याला पळणं जमत नाही, एका खेपेत जितकं होईल तितकं करायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी नेमका क्रम सांगा. शिवाय दहावीच्या मार्कशीटवर आईच्या नावापुढे बाई लागलंय आणि आधारवर नुसतं नाव आहे, त्याने काही अडतं का तेही सांगा.

एरंडोलची_ताई:
भाऊ, सगळ्यात आधी एक गोष्ट, जागा पक्की झाल्याशिवाय टीसी काढू नकोस, कुणी कितीही घाई केली तरी. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही असं केलं की पुण्याच्या कॉलेजला फोन न करता प्रत्यक्ष जाऊन प्राचार्यांच्या नावाने अर्ज दिला, एसवायला अमुक मेजरला जागा रिकामी आहे का आणि दुसऱ्या विद्यापीठाचा विद्यार्थी घेता का, आणि पोच म्हणून शिक्का मारून झेरॉक्स घेतली. फोनवर जो उचलतो तो काहीही सांगतो. जागा रिकामी असेल तर त्यांना म्हणायचं की टीसी आणि मायग्रेशन नंतर जमा करण्याच्या अटीवर तात्पुरता प्रवेश द्या, आम्ही हमीपत्र लिहून देतो. बरीच कॉलेजं देतात. तसं लेखी किंवा ईमेलवर आलं की मग इकडची टीसी काढ, आणि टीसीची झेरॉक्स लावून उमवित मायग्रेशनचा अर्ज. टीसी कॉलेज देतं, मायग्रेशन विद्यापीठ देतं, म्हणून इकडचे ऑफिसवाले जे म्हणाले ते चुकीचं नाही, फक्त त्याच्या आधी पुण्याचा होकार हवा. टीसीच्या चारपाच झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेव, कारण ओरिजिनल एकदा पुण्याला जमा झाली की परत हातात येत नाही.

आईच्या नावाचं म्हणशील तर पोरीचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव बारावीच्या मार्कशीटप्रमाणे आधारवर जुळतंय का ते आधी बघ. आईच्या नावाला प्रतिज्ञापत्र करून ठेव, लागलं तर देता येतं.

गिरणाकाठ:
ताईंनी क्रम बरोबर सांगितला, मी अभ्यासक्रमाचं सांगतो कारण खरा घोळ तिथे होतो. २०२४-२५ पासून राज्यात संलग्न कॉलेजांनाही नवीन शैक्षणिक धोरण लागू झालंय त्यामुळे ढाचा सगळीकडे साधारण एकच, सेमिस्टरला २२ क्रेडिट (श्रेयांक), वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२. पण क्रेडिटचा आकडा जुळला म्हणजे विषय जुळले असं नाही. बहिणीने एफवायला स्टॅट मायनर म्हणून किती क्रेडिटचं केलंय आणि पुण्याला एफवायच्या मेजरला किती आहे ते शेजारीशेजारी ठेवून बघा. फरक असेल तर ते पेपर तिला एसवाय करता करता जास्तीचे द्यावे लागतील, आणि ते विद्यापीठाची पात्रता समिती ठरवते, कॉलेजचा क्लार्क नाही. म्हणून एफवायच्या सगळ्या विषयांच्या सिलॅबसची प्रिंट काढा, कॉलेजचा सही शिक्का घ्या आणि अर्जासोबत जोडा, ते मागतील याची वाट बघू नका.

दुसरं म्हणजे एबीसी आयडी, विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होतात त्या क्रेडिट बँकेतला नंबर. डिजिलॉकरमध्ये बारा आकडी असतो. त्यात सेम वनचे क्रेडिट दिसताय का आत्ताच उघडून बघा. नसतील तर कॉलेजच्या मागे लागा, तिथून निघाल्यावर कुणी दाद देत नाही. यूजीसीच्या २०२१ च्या क्रेडिट बँकेच्या नियमात असंही आहे की जिथून पदवी घ्यायची तिथून निदान अर्धे क्रेडिट कमवायचे. एफवायनंतर गेली तर १३२ पैकी ८८ पुण्यालाच होतील, तिची काही अडचण नाही. टीवायला जायचा विचार करणाऱ्यांनी मात्र हे आधी विचारून घ्या, कारण तेव्हा ४४ च उरतात.

शिरपूरवाला:
भो, मी एक वेगळं सुचवतो, राग मानू नको. जळगावला बघितलं का? उमविच्याच दुसऱ्या संलग्न कॉलेजात गेली तर विद्यापीठ बदलत नाही, मायग्रेशन लागत नाही, नुसत्या टीसीवर काम व्हई जाई. आणि पुढे एमएस्सी स्टॅट उमवितच आहे बांभोरीला. दर शनिवारी घरी येता येतं. पुणं वाईट नाही, पण खर्च धर.

सातपुडा_पायथा:
राग कसला भाऊ, जळगावचं आम्ही घरात बोललो आणि बहिणीला दोन्ही चालतं, तिला स्टॅट पाहिजे फक्त. जळगावला पण अर्ज टाकून ठेवतो म्हणजे पुण्याचं फसलं तरी हाताशी राहील. पुण्याचा आग्रह एवढ्यासाठी की तिची मामेबहीण तिथे आहे, राहायची सोय निदान सुरुवातीला होते. बरं आम्ही ओबीसीत येतो, मुलींना आता फी माफ आहे असं ऐकलं, ते बीएस्सीला चालतं का?

एरंडोलची_ताई:
ते जुलै २०२४ च्या जीआरचं म्हणतोयस तू. ती शंभर टक्के माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे, आणि उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. साध्या बीएस्सीला ती धरून बसू नका. बीएस्सीला महाडीबीटीवरची ओबीसी शिष्यवृत्ती बघायची. मागच्या वर्षी फॉर्म भरला असेल तर तो अर्ज जुन्या कॉलेजकडे अडकलेला नाही ना ते टीसी काढायच्या आधी बघ, कारण नंतर लॉगिनला जुनं कॉलेज दिसत राहतं आणि दोन्हीकडचे एकमेकांवर ढकलतात. राहण्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, सरकारी वसतिगृह नाही मिळालं तर पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. नॉन क्रीमीलेयर मात्र मुदतीतलं लागेल, सेतूत आजच टाक, जूनजुलैत तिथे लाइन असते.

सातपुडा_पायथा:
ताई, गिरणाकाठ भाऊ, शिरपूरवाला भाऊ, तिघांचे मनापासून आभार, रात्रभर डोक्यात जे घोळत होतं ते सुटलं. बहिणीला बसवून डिजिलॉकर उघडलं तर सेम वनचे २२ दिसताय. नॉन क्रीमीलेयरला आजच टाकतो, सिलॅबसवर शिक्का उद्या घेतो आणि लागवड उरकली की दोघं मिळून पुण्याला जाऊन अर्ज देऊन पोच घेतो, तोपर्यंत टीसीचं नाव काढणार नाही. फक्त एकच राहिलं, निकाल लागायच्या आधी पुण्याचं कॉलेज सेम वनच्या मार्कशीटवर अर्ज घेतं का, की सेम टूची ऑनलाइन प्रिंट तरी लागतेच? यंदा कुणी दिला असेल तर लिहा.