दिल्ली–आग्रा–जयपूर पाच दिवसांत, आईबाबांना घेऊन: हा कार्यक्रम जमेल का?

सिंहगडरोडकर

नाताळच्या सुटीत दिल्ली–आग्रा–जयपूर करायचं आहे. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि आईबाबा. बाबा सत्तरीचे, गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात पण जिने नको म्हणतात. एका टूरवाल्याने गाडी, गाइड, हॉटेल सगळं धरून हा कार्यक्रम दिला आहे:

गुरुवार: पुणे–दिल्ली विमान, दुपारी १२ ला पोहोच. लाल किल्ला, जामा मशीद, राजघाट, इंडिया गेट, हुमायूनचा मकबरा, कुतुबमिनार.
शुक्रवार: पहाटे ५ ला निघून आग्रा. ताजमहाल, आग्रा किल्ला.
शनिवार: फत्तेपूर सिक्री बघून जयपूर.
रविवार: आमेर, जलमहाल, हवामहाल, जंतरमंतर, सिटी पॅलेस, अल्बर्ट हॉल, नाहरगड.
सोमवार: जयपूरहून गाडीने दिल्ली, संध्याकाळचं विमान.

अजून अॅडव्हान्स भरलेला नाही. यात काय बदलून घ्यावं? आणि 'प्रवेश शुल्क समाविष्ट' लिहिलंय, म्हणजे वर काही द्यावं लागणार नाही ना?

भटका_नाशिक

अॅडव्हान्स भरू नका. ताजमहाल दर शुक्रवारी बंद असतो. हा कार्यक्रम करणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो या धंद्यात नवखा आहे, आणि माहीत असेल तर तुम्हाला यमुनेपलीकडच्या मेहताबबागेतून 'ताजदर्शन' घडवून मोकळा होईल. दोन्ही वाईटच.

लाल किल्ला सोमवारी बंद. तुमच्या कार्यक्रमात तो आडवा येत नाही, पण तारखा हलवताना येईल. कुतुब, हुमायूनचा मकबरा आणि आग्रा किल्ला सातही दिवस उघडे.

पहिल्या दिवसाची यादी तर हसण्यावारी नेण्यासारखी आहे. १२ ला विमान उतरलं की सामान घेऊन गाडीत बसेपर्यंत १ वाजतो, आणि डिसेंबरात दिल्लीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेचार तासांत सहा ठिकाणं म्हणजे चार ठिकाणी गाडीची काच खाली करून बघायचं. त्यातून विमानतळावरून उत्तरेला लाल किल्ल्यापर्यंत जायचं आणि परत दक्षिणेला कुतुबला यायचं, ही उलटसुलट कशासाठी?

माझी मांडणी अशी:

दिवस १: विमानतळावरून सामान गाडीतच ठेवून थेट कुतुब. तो विमानतळाच्याच अंगाला आहे. दीड तास. मग हुमायूनचा मकबरा. वेळ उरला तर इंडिया गेट आणि शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक, तिथे तिकीट नाही.
दिवस २: साडेनऊला लाल किल्ला, १ च्या आत दिल्ली सोडायची, मुक्काम आग्रा.
दिवस ३: ताज आणि आग्रा किल्ला, दुपारी जयपूरकडे.
दिवस ४: जयपूर.
दिवस ५: सकाळी सिटी पॅलेस, दुपारी जयपूरहूनच पुण्याला विमान.

परतीला दिल्लीला जाऊ नका. जयपूर–दिल्ली पावणेतीनशे किलोमीटर, दिल्लीत शिरतानाची वाहतूक धरली तर पाच-सहा तास निव्वळ गाडीत. टूरवाले दिल्लीला परत आणतात कारण गाडी दिल्लीची असते आणि तिला रिकामी परतवायचं भाडं त्यांना दाखवायचं नसतं. ते भाडं उघड मागा आणि जयपूरच्या तिकिटाशी ताडून बघा.

या मांडणीत बुधवारी निघालात तर ताज शुक्रवारी येतो आणि रविवारी निघालात तर लाल किल्ला सोमवारी. हे दोन वार सोडून कधीही निघा.

आग्रावाला_पाहुणा

वरचं सगळं पटलं, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी एक दुरुस्ती. 'सूर्योदयाचा ताज' हा सल्ला ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीत सोन्यासारखा आहे. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत आग्र्यात दाट धुकं असतं, त्यात यमुना ताजच्या पाठीलाच. सकाळी सातला दरवाजातून आत गेलात की समोर पांढरा पडदा, घुमट कुठे आहे ते गाइड बोट दाखवून सांगतो. आणि तिकीट आत गेल्यापासून तीन तासच चालतं, धुकं निवळेपर्यंत आत थांबून राहायचीही सोय नाही.

म्हणून तुमच्या आठवड्यात क्रम उलटा करा. सकाळी आग्रा किल्ला (धुक्यातही दालनं बघता येतात), साडेदहा-अकराला ताज. गर्दी जास्त मिळेल हे खरं, पण दिसेल तरी.

तिकिटाचं गणित: भारतीयांना ताजचं ५० रुपये, आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचं तर आणखी २००. 'प्रवेश शुल्क समाविष्ट'मध्ये बहुतेकदा फक्त ते ५० असतात. जागेवर गेल्यावर माणशी २०० सुटे मागितले जातात आणि रांगेत उभं राहून वाद घालायची कोणाची इच्छा नसते. आधीच लिहून घ्या. मुलीला तिकीट लागणार नाही, १५ वर्षांखालच्यांना माफ आहे.

बाबांसाठी: चौथऱ्यावर जायला जिना आहे, आणि वर घुमटाखाली रांग सतत पुढे ढकलली जाते, बसायला जागा नाही. खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत, ते बंद असतं. वर दिसतात त्या प्रतिकृती. बाबांना खाली बागेतल्या बाकावर बसवून तुम्ही आळीपाळीने जाऊन आलात तरी त्यांचं फारसं काही हुकत नाही. दगडावरची जडावाची फुलं जवळून बघायची तर बाजूच्या मशिदीच्या अंगाने फिरा, तिथे निवांतपणा असतो.

दरवाजा पूर्वेचा घ्या. गाडी शिल्पग्रामच्या वाहनतळापर्यंतच जाते, पुढे बॅटरीवरची गाडी. दक्षिण दरवाजातून आत सोडत नाहीत. तपासणीची रांग बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, त्यामुळे आत गेल्यावर कुठे भेटायचं ते बाहेरच ठरवा. खाण्याचे पदार्थ, तंबाखू-सुपारी, लायटर, ट्रायपॉड, मोठी बॅग चालत नाही. बाबांच्या खिशातली सुपारीची डबी आधी काढून ठेवा, नाहीतर लॉकरपर्यंत मागे फिरावं लागतं.

सिंहगडरोडकर

शुक्रवारचं खरंच लक्षात आलं नव्हतं, वाचलो. मंगळवारी निघायचं ठरवतोय, म्हणजे ताज गुरुवारी. पण मग सिक्री गळते का? आणि दिल्ली–आग्रा गाडीने की रेल्वेने?

बुलंद

सिक्री गाळू नका. ताजला जाणारे लाख, पण अकबराची आख्खी रिकामी राजधानी दुसरीकडे बघायला मिळत नाही. पंचमहाल, दिवाण-ए-खासमधला तो एकच खांब आणि त्यावर तोललेला कट्टा, हे बघायला दोन तास द्यावेत. आग्र्यापासून ४० किलोमीटरच्या आत, जयपूरच्या वाटेवरच आहे. एक दिवस वाढवा: आग्र्यात दोन रात्री, शुक्रवारी सकाळी उशिरा सिक्री, दुपारी जयपूर. सिक्री शुक्रवारी उघडी असते, फक्त सलीम चिश्तींच्या दर्ग्याच्या बाजूला नमाजाची गर्दी मिळेल.

गुडघ्यांसाठी महत्त्वाचं: ५४ मीटर उंच बुलंद दरवाजाच्या पायऱ्या चढून आत जायचं कारण नाही. राजवाड्यांकडून बादशाही दरवाजाने दर्ग्याच्या चौकात शिरा, चढ अगदी थोडा आहे. बुलंद दरवाजा मग आतूनच बघायचा.

तिथल्या वाहनतळावर 'मी सरकारी गाइड' म्हणत पोरं गाडीला लोंबकळतात. गाइडच्या गळ्यात पर्यटन खात्याचं किंवा पुरातत्त्व खात्याचं फोटो असलेलं ओळखपत्र हवं. दर्ग्यात चादर आणि धाग्यांचा आग्रह होतो, आधी 'मोफत' आणि मग 'हजार रुपये'. हातात काही घेऊच नका.

भटका_नाशिक

@बुलंद, सहा दिवस असतील तर सिक्री नक्की. पाचच असतील तर मी अजूनही गाळा म्हणेन. त्यांच्या आठवड्यात किल्ला, ताज, सिक्री आणि जयपूरपर्यंत २४० किलोमीटर, हे एका दिवसात कोंबलं तर शेवटचे दोन तास अंधारात आणि धुक्यात जातात.

दिल्ली–आग्रा: यमुना एक्स्प्रेसवेवर हिवाळ्यात धुक्यामुळे वेगमर्यादा कमी करतात आणि पहाटे-रात्री मोठे अपघात याच काळात होतात. म्हणून मी १ च्या आत निघा म्हटलं. उजेडी आग्रा गाठायचं. तुमच्या टूरवाल्याची 'पहाटे ५ ला निघू' ही कल्पना या मोसमात सपशेल चुकीची आहे.

रेल्वेने जायचं तर हजरत निजामुद्दीनहून सकाळी ८ च्या सुमारास सुटणारी गतिमान एक्स्प्रेस पावणेदोन तासांत आग्रा कँटला नेते, पण ती शुक्रवारी नसते आणि दाट धुक्यात कोणत्याच गाडीचा भरवसा नाही. पाच जण आणि सामान असताना गाडीच बरी.

त्या गाडीबद्दल दोन प्रश्न विचारा. एक, डिझेल असेल तर बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाची) आहे का? दिल्लीची हवा बिघडली की बीएस-४ डिझेलवर बंदी येते आणि तुमची गाडी नेमकी सकाळी रद्द होते. दोन, यूपी आणि राजस्थानचा प्रवासी कर, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता दरात आहेत का? हे चार शब्द 'सर्व समाविष्ट'मध्ये येत नाहीत, वेगळे लिहून घ्यावे लागतात.

गुलाबी_शहर

जयपूरचं मी सांगतो. एका दिवसात सात ठिकाणं नकोत. नाहरगड आणि अल्बर्ट हॉल काढा.

आमेर सकाळी ८ ला उघडतो, तेव्हाच पोहोचा. दहानंतर अरुंद रस्त्यावर जीपा अडकतात. बाबांसाठी खालून जीप करा, ती मागच्या बाजूने किल्ल्याच्या चांदपोल दरवाजापर्यंत चढते. हत्तीच्या नादी लागू नका; जनावराचे हाल आहेतच, शिवाय उतरताना गुडघ्याची परीक्षा. आतही पायऱ्या आहेत, पण गणेशपोल ओलांडून शीशमहालापर्यंत गेलं की मुख्य ते झालं.

परतताना जलमहाल रस्त्यावरूनच, दहा मिनिटं. मग बाराच्या सुमारास जंतरमंतर. ही वेळ मुद्दाम सांगतोय. तिथली यंत्रं सावलीवर चालतात, ऊन नसेल तर ती नुसती दगडी घसरगुंडी. २७ मीटर उंच सम्राट यंत्राची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. मुलीला तिच्या कडेवर पेन्सिल धरून उभं करा, मिनिटभरात चार बोटांइतकी सावली पुढे गेलेली डोळ्यांनी दिसते. यंत्रावरची वेळ घड्याळाच्या मागे निघेल, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि जयपूर ७५.८ च्या आसपास. नाताळच्या आठवड्यात हा फरक साधारण २७ मिनिटांचा असतो. गाइडने ही गोष्ट स्वतःहून सांगितली तर समजा चांगला गाइड मिळाला.

राज्य सरकारचं एकत्रित तिकीट दोन दिवस चालतं, त्यात आमेर, जंतरमंतर, हवामहाल येतात. सिटी पॅलेस येत नाही, ते राजघराण्याच्या ट्रस्टचं वेगळं तिकीट. हवामहाल समोरच्या रस्त्यावरून बघा. दर्शनी बाजूला दारच नाही, आत मागून जावं लागतं.

आणि खरेदी. 'सरकारमान्य एम्पोरियम', 'ब्लॉक प्रिंटिंगचं प्रात्यक्षिक', 'ताज बांधणाऱ्यांचे वंशज': गाइड किंवा ड्रायव्हर यातलं काही म्हणाला की त्याचं कमिशन सुरू झालं. प्रत्येक दुकानाला तासभर जातो, तो तुमच्या बघण्यातून. करारातच 'दुकानांचे थांबे नाहीत' लिहून घ्या. घ्यायचंच असेल तर आग्र्यात संगमरवर म्हणून मऊ शंखजिरं खपवतात, त्यावर नखाने ओरखडा उठतो. खऱ्या संगमरवरावर उठत नाही. जयपुरात रत्नं घेऊ नका, परत करायची सोय नसते.

आग्रावाला_पाहुणा

गाइडचं निघालंच आहे तर जरा अवांतर. मराठी माणूस दिसला की आग्रा किल्ल्यात कुठलीशी कोठडी दाखवून 'यहीं शिवाजी महाराज कैद थे' सांगणारे भेटतात. १२ मे १६६६ चा दरबार किल्ल्यातला. नजरकैद मात्र किल्ल्याबाहेर, मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा रामसिंह याच्या तळाजवळ, आणि १७ ऑगस्टची सुटका तिथूनच. किल्ल्यात बघायचं ते दिवाण-ए-आम, आणि मुसम्मन बुरूज, जिथून शाहजहान ताजकडे बघत असे. त्याच वर्षी जानेवारीत तो वारला. महाराजांचा अश्वारूढ पुतळा बाहेर, अमरसिंह दरवाजासमोर आहे. आत जायचा दरवाजाही तोच, उतारावरून चालत चढायचं, पायऱ्या नाहीत पण घसरडं आहे. बाबांना रबरी तळाचे बूट.

तसंच लाल किल्ल्यात. दिवाण-ए-खासचं चांदीचं छत 'लुटेरों ने' नेलं असं सांगितलं जातं. मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने नेलं हे बरोबर, पण छताची चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून वितळवली, फौजेच्या खर्चासाठी. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. मुलीला हे तिथे उभं राहून सांगा.

सिंहगडरोडकर

सहा दिवस करतोय, सिक्री ठेवतोय, परत जयपूरहून. टूरवाल्याला नवा कार्यक्रम पाठवला तर म्हणाला दिल्लीत महिपालपूरला हॉटेल देतो, चालेल?

भटका_नाशिक

विमानतळाजवळ म्हणून स्वस्त पडतं त्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून लाल किल्ला म्हणजे ऑफिसच्या गर्दीत सवा ते दीड तास. करोलबाग किंवा कॅनॉट प्लेसच्या आसपास मागा. आग्र्यात फतेहाबाद रोड, तिथून पूर्व दरवाजा जवळ. जयपुरात हायवेवरचं 'रिसॉर्ट' नको, बनीपार्क किंवा एमआय रोड. आणि तिन्ही ठिकाणी हॉटेलचं नाव लिहून मागा, 'किंवा तत्सम' हे शब्द खोडून. लिफ्ट आहे का, ते हॉटेलला स्वतः फोन करून विचारा.