मदत हवी आहे: बिल ऑफ एंट्रीत (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या नोंदीत) जहाजाचं भाडं धरलंच नाही, कस्टम्समधून माल सुटल्यावर दुरुस्ती कशी करायची?

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचा छोटा कारखाना आहे. उत्पादन भाऊ बघतो, आयातीचे कागद मी. मशीनचे सुटे भाग चीनमधल्या निंगबोहून न्हावा शेव्याला येतात. खरेदी एफओबी (किमतीत जहाजाचं भाडं आणि विमा धरलेला नसतो), त्यामुळे भाडं आम्ही इथल्या फॉरवर्डरला, म्हणजे मालवाहतूक ठरवणाऱ्या एजंटला, देतो.

गेल्या आठवड्यात, माल गोदामात केवढ्याला पडला हे काढताना आकडे जुळेनात. तीन महिन्यांपूर्वीचं बिल ऑफ एंट्री उघडलं, तर एफओबीच्या जागी सीआयएफ (भाडं, विमा धरून किंमत), आणि भाडं, विमा दोन्ही रकान्यांत शून्य. इन्व्हॉइसवर स्पष्ट ‘एफओबी निंगबो’ छापलंय. नोंद दाखल करण्याआधीची चेकलिस्ट आमच्या सीएचएकडून (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटकडून) मला व्हॉट्सॅपवर आली होती. मी एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) आणि नग तपासले, हा रकाना पाहिलाच नाही, आणि ‘ओके’ पाठवलं.

भाडं 1,68,000 रुपये. त्यावर 7.5 टक्के बेसिक ड्युटी 12,600, तिच्या 10 टक्के सरचार्ज 1,260 आणि या सगळ्यावर 18 टक्क्यांनी आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) सुमारे 32,735. म्हणजे जवळपास 46,595 रुपये कमी भरलेत. विमा अजून धरलेला नाही.

आमचे सीएचए म्हणतात, “माल सुटला, विषय संपला. आपणहून कशाला जायचं?” मला हे पटत नाही. असेसमेंट, म्हणजे ड्युटीची आकारणी, आपलं आपण करायचं असतं, सही आमची आहे. कमी भरलेल्या ड्युटीची नोटीस एरवी दोन वर्षांत येऊ शकते, पण माहिती दडवली असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत. चूक कळूनही गप्प बसले तर उद्या कुठल्या तोंडाने म्हणू की नजरचूक होती?

दुरुस्ती नेमकी कोणत्या कलमाखाली करू? आणि आयजीएसटीचं क्रेडिट (भरलेल्या कराची पुढच्या जीएसटीतून वजावट) मिळेल ना? नुसत्या चलनाने भरलं तर अडकेल, असं आमचे सीए म्हणतात.

प्रतिसाद

ताई, गप्प बसू नका, तुमचं बरोबर आहे. 2025च्या वित्त कायद्याने कस्टम्स कायद्यात 18ए कलम आलंय, नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. माल सुटल्यावरही नोंद आपणहून सुधारता येते, फरक व्याजासकट भरायचा. व्याज वर्षाला 15 टक्के. मात्र त्या बिलावर ऑडिट किंवा चौकशी सुरू झाल्याचं तुम्हाला कळवलं गेलं की हा रस्ता बंद होतो, म्हणून आजच हलवा. बिलच सुधारलं की आयजीएसटीच्या क्रेडिटला धड कागद हाती राहतो. बेसिक ड्युटी, सरचार्ज आणि व्याज मात्र खर्चातच जाणार.

जुना मार्ग कलम 149चा. त्यात माल सुटताना अस्तित्वात असलेलाच कागद पुरावा म्हणून चालतो. फॉरवर्डरच्या बिलाची तारीख बघा. विम्याचा खरा हप्ता माहीत असेल तर तोच धरा, नसेल तर एफओबी किमतीच्या 1.125 टक्के.

आणि त्याच पुरवठादाराची बाकीची बिलंही तपासा. एकदा टेम्प्लेट चुकलं की पुढच्या प्रत्येक बिलात तेच उतरतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. फॉरवर्डरचं बिल माल सुटण्याच्या दोन दिवस आधीचं आहे. पैसे भरल्याशिवाय त्यांनी डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात घ्यायची चिठ्ठी) दिलीच नव्हती. बिल ऑफ लेडिंगवरही (जहाजाच्या मालपावतीवरही) ‘फ्रेट कलेक्ट’, म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं, असं आहे. बाकीची बिलं काढली. अजून एकात तसाच शून्य सापडला. दोन्हींची दुरुस्ती एकत्र करते आहे.