ऑस्ट्रेलियाचा स्किल्ड व्हिसा: अर्ज स्वतः भरावा की एजंटकडे द्यावा?

मृण्मयी:
१८९, १९० किंवा ४९१ या क्रमांकांचे, पॉइंट्सवर मिळणारे स्किल्ड व्हिसा म्हटले की आधी एजंट गाठायचा, हा समज पक्का बसलाय. माझं मत उलट आहे. पदवी आणि नोकरी एकाच क्षेत्रातली असेल, आधी कुठला व्हिसा नाकारला गेला नसेल आणि घरात आरोग्याचा गंभीर प्रश्न नसेल, तर अर्ज स्वतःच भरावा.

कारण साधं आहे. यातलं खरं कष्टाचं काम एजंट करूच शकत नाही. कंपनीकडून रेफरन्स लेटर तुम्हालाच आणायचंय. आयटीवाल्यांच्या पदवी-अनुभवाचं मूल्यांकन एसीएस (ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी ही संस्था) करते. तिला लेटरहेडवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि प्रत्यक्ष काम काय केलं हे सगळं हवं असतं. एचआरचं नेहमीचं दोन ओळींचं रिलीव्हिंग लेटर चालत नाही. एचआर कामाचं वर्णन देत नसेल, तर वरिष्ठ किंवा सहकाऱ्याकडून नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात तो तुमच्यासोबत केव्हापासून केव्हापर्यंत आणि कोणत्या नात्याने काम करत होता, हे यायलाच हवं. ही धावपळ तुमचीच.

बाकीचा क्रम ठरलेला आहे: कौशल्य मूल्यांकन, इंग्रजीची परीक्षा, मग स्किलसिलेक्ट या सरकारी यंत्रणेत ईओआय, म्हणजे व्हिसासाठी इच्छा कळवणारी नोंद. ईओआयला फी नाही, ती २ वर्षं टिकते. वय, इंग्रजी, अनुभव वगैरेंचे मिळून किमान ६५ पॉइंट्स लागतात, पण ती फक्त आत शिरायची अट; इन्व्हाइट, म्हणजे अर्ज करायचं निमंत्रण, येण्यासाठी बहुतेक व्यवसायांत बरेच जास्त लागतात. १९० ला राज्याच्या नामांकनाचे ५ मिळतात, ४९१ ला १५. इन्व्हाइट आल्यावर ६० दिवसांत इमीअकाउंटमधून (ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याचं ऑनलाइन खातं) अर्ज आणि फी भरायची. जुलै २०२५ पासून मुख्य अर्जदाराची फी ४,९१० ऑस्ट्रेलियन डॉलर होती. जोडीदार आणि मुलांची वेगळी. भरण्याआधी गृहखात्याच्या साइटवर ताजा आकडा बघावा.

फॉर्म सोप्या इंग्रजीत आहेत. जो माणूस दरवर्षी आपलं रिटर्न स्वतः भरतो, त्याला हे जड जाऊ नये.

दक्षिणगामी:
मृण्मयी, क्रम बरोबर सांगितलात, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत. फॉर्म भरता येणं आणि पॉइंट्स बरोबर मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अर्ज बुडतो तो दुसरीत.

एसीएसचंच घ्या. कॉम्प्युटरची पदवी आणि जवळचं काम असलं, तरी साधारणपणे पहिली २ वर्षं ती वजा करते. पत्रात लिहिलेलं असतं की अमुक महिन्यानंतरचा अनुभव कुशल मानला जाईल. आता एखाद्याची एकूण नोकरी ९ वर्षांची. तो ईओआयमध्ये सगळी ९ वर्षं 'संबंधित' म्हणून टाकतो आणि यंत्रणा ८ वर्षांवरच्या अनुभवाचे १५ पॉइंट्स देऊन मोकळी होते. खरे मोजायचे असतात ७ वर्षांचे, म्हणजे १०. इन्व्हाइट येतं ९० वर, तपासणीत भरतात ८५. इन्व्हाइटमधला आकडा सिद्ध झाला नाही की व्हिसा नाकारला जातो, मग ८५ वरही इन्व्हाइट आलं असतं का हा प्रश्नच उरत नाही. इन्व्हाइटनंतर ईओआय दुरुस्त करता येत नाही. फी परत मिळत नाही. आणि १८९ चा अर्ज ऑस्ट्रेलियाबाहेरून केला असेल, तर नकारावर ट्रिब्युनलकडे दादही मागता येत नाही.

जोडीदाराच्या पॉइंट्सचंही तसंच. एकट्याला १० मिळतात. विवाहिताला जोडीदाराचं इंग्रजी 'कॉम्पिटंट' पातळीचं असेल तर ५, आणि त्याचं स्वतःचं मूल्यांकन, वय व व्यवसायाची यादी जुळली तर १०. "बायको सध्या येणार नाही, म्हणून मी सिंगल" असं टाकणारे खूप आहेत. विवाहित माणूस सोबत येवो न येवो, तो सिंगल ठरत नाही. ईओआय टाकल्यावर लग्न झालं, तर इन्व्हाइटच्या आधी ते बदलायलाच हवं.

हे ज्याला रोज बघायची सवय आहे, त्याला एका नजरेत दिसतं.

मृण्मयी:
दिसायला हवं, मान्य. पण आपल्याकडे 'एजंट' म्हणून बसलेल्यांपैकी कितीजण नोंदणीकृत आहेत ते आधी विचारा. ऑस्ट्रेलियात फी घेऊन सल्ला द्यायला 'मारा' या सरकारी कार्यालयाकडे स्थलांतर एजंट म्हणून नोंदणी लागते (वकिलांचा मार्ग वेगळा), आणि तिचा ७ आकडी क्रमांक सरकारी साइटवर फुकट तपासता येतो. भारतात बसून नोंदणीविना हा धंदा करणाऱ्यावर मात्र त्या कार्यालयाचा अंकुश नाही. त्याने चुकीचे पॉइंट्स टाकले तर तक्रार कुठे करणार? खोटी माहिती किंवा बनावट कागद सापडला, तर ३ वर्षांची बंदी अर्जदारावर येते. "एजंटने भरलं, मला ठाऊक नव्हतं" हे सहसा ऐकून घेतलं जात नाही.

अभियंत्यांचं मूल्यांकन करणाऱ्या इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियासाठी लागणारा सीडीआर, म्हणजे स्वतःच्या कामाचा अहवाल, बघा. तीन करिअर एपिसोड, प्रत्येकी १००० ते २५०० शब्द, स्वतःच्या प्रकल्पांवर, 'मी काय केलं' या भाषेत. कित्येक कन्सल्टन्सी तोच मजकूर नाव बदलून पाचजणांना देतात. तिथे नक्कल तपासली जाते. पकडली गेली की अर्ज बाद, शिवाय काही काळ नव्याने अर्ज करायलाही बंदी.

अश्विनी:
तुमच्या दोघांच्या वादात एक गोष्ट राहतेय: नावं आणि पुरावे. एजंट असो वा नसो, मराठी अर्जदारांचे कागद इथे हमखास अडकतात.

पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या, आणि मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. काही गुणपत्रिकांवर आडनाव आधी, आईचं नाव शेवटी. परदेशातल्या अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रात नाव बदललं असेल तर ते, आणि 'ही दोन्ही नावं माझीच' असं प्रतिज्ञापत्र मूल्यांकनाच्या वेळीच जोडा. व्हिसाच्या फॉर्ममध्ये 'इतर नावं' विचारतात, तिथे प्रत्येक स्पेलिंग द्या. पोलीस प्रमाणपत्रही त्या नावांशी जुळायला हवं.

नोकरीच्या पुराव्यात नुसतं रेफरन्स लेटर दिलं की शंका येते, कारण ते कोणीही छापू शकतं. ज्या वर्षांचे पॉइंट्स मागताय, त्या प्रत्येक वर्षाचा तिसऱ्या पक्षाचा कागद हवा: फॉर्म १६, २६एएस, पीएफचं पासबुक, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट. पगाराच्या स्लिपा दर तिमाहीला एक पुरते. पत्रातलं पद, फॉर्म १६ वरचं कंपनीचं नाव आणि पीएफची तारीख एकमेकांशी ताडून बघा. कंपनी मध्येच विकली गेली असेल, तर नवं आणि जुनं नाव जोडणारं एक पत्र आधीच घेऊन ठेवा. हे केस ऑफिसरने मागेपर्यंत थांबू नका. मागितलं की उत्तराला बहुधा २८ दिवस मिळतात, आणि जुन्या कंपनीची एचआर तेवढ्यात हलत नाही.

जोडीदाराच्या इंग्रजीचंही आधीच बघा. 'फंक्शनल' पातळीचा पुरावा नसेल, तर जवळजवळ मुख्य फीएवढा दुसरा हप्ता भरावा लागतो. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल, तर कॉलेजचं तसं पत्र बहुतेकदा पुरतं.

विक्रांत:
मी दक्षिणगामींच्या बाजूचा, पण एका मर्यादेपर्यंत. पूर्ण अर्ज एजंटकडे देण्यापेक्षा दोनदाच पैसे मोजा: एकदा ईओआय टाकण्याआधी, एकदा फी भरण्याआधी. नोंदणीकृत माणसाकडून तासाभराचा सल्ला घ्या आणि पॉइंट्सचा हिशोब त्याच्याकडून लेखी घ्या.

पूर्ण काम देण्यासारख्या केस मात्र आहेत. आधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल. घटस्फोट झालाय आणि मुलाचा ताबा वाटून आहे. दुसऱ्या पालकाची संमती किंवा कोर्टाचा आदेश लागतो. किंवा मुलाला दीर्घ उपचारांची गरज असेल: १८९ मध्ये आरोग्याच्या अटीला सवलत नाही, कुटुंबातला एक अडला तर सगळे अडतात. इथे नवख्याने हात घालू नये.

दक्षिणगामी:
विक्रांत, तुमचा मधला मार्ग मला पटतो, पण सरळ केसपुरताच. माझी एक भर: एजंटला काम दिलंत तरी ईओआयचा क्रमांक आणि अर्जाचा संदर्भ क्रमांक (टीआरएन) स्वतःकडे ठेवा. टीआरएनने तोच अर्ज स्वतःच्या इमीअकाउंटमध्ये आणून, काय अपलोड झालंय ते बघता येतं. एजंट ते द्यायला का-कू करत असेल, तर तिथेच थांबा.

मृण्मयी:
यावर आपलं एकमत. फक्त 'नजरेत दिसतं' यावर नाही. वजावटीची तारीख एसीएसच्या पत्रात स्पष्ट छापलेली असते. ईओआयमध्ये त्याच नोकरीचे दोन भाग करायचे: त्या तारखेपर्यंतचा 'असंबंधित', पुढचा 'संबंधित'. सध्याच्या नोकरीची शेवटची तारीख रिकामी ठेवली, तर महिने आपोआप वाढत जातात, म्हणून नोकरी सोडली की त्याच दिवशी तारीख भरा. वयाचेही पॉइंट्स आपोआप उतरतात: वय ३३ झालं की ३० पॉइंट्सचे २५, ४० ला १५, आणि ४५ पूर्ण झाल्यावर इन्व्हाइटच नाही.

मुदतींचं गणित मात्र कोणी दुसरा सांभाळेल या भरवशावर राहू नका. इंग्रजीचा निकाल इन्व्हाइटच्या दिवशी ३ वर्षांच्या आतला हवा, एसीएसचं पत्र २ वर्षांत संपतं. पीटीई या इंग्रजी परीक्षेचे निकष ७ ऑगस्ट २०२५ पासून बदललेत. त्याआधी प्रत्येक विभागात ६५ किंवा ७९ बघायचे, आता दर विभागाचा आकडा वेगळा आहे. पुन्हा परीक्षा देताना जुना तक्ता वापरू नका.