कुंडी बदलल्यापासून लिंबाचं कलम पानं गाळतंय, कसं वाचवू? मदत हवी आहे

नमस्कार, लिंबाचं कलम आहे, दीड-दोन वर्षांचं, अडीचेक फूट उंच. पिशवीत होतं तोवर एकदम टवटवीत. १८ दिवसांपूर्वी १६ इंची कुंडीत लावलं. पिशवी फाडली तर मुळं तळाशी गोल गोल गुंडाळलेली, म्हणून ती बोटांनी सोडवली आणि जुनी मातीही झटकून टाकली, त्यात बारीक मुळं बरीच तुटली हे तेव्हाच दिसत होतं. नवीन मिश्रणात निम्मी माती, थोडं कोकोपीट आणि बाकी शेणखत. आणि लगेच दिवसभर उन्हात ठेवलं.

चौथ्या दिवशी पानं आत वळायला लागली, मला वाटलं तहानलंय म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले. आता पानं पिवळी पडलीत, नुसता हात लागला तरी पान गळतं आणि देठ तेवढा फांदीला चिकटून राहतो. शेंड्याच्या दोन काड्या तपकिरी झाल्यात. खोड नखाने खरवडलं तर आत हिरवं आहे, त्यामुळे आशा सोडवत नाहीये. वाटाण्याएवढी चार लिंबंही आहेत अजून. खालून एक फुटवा मात्र जोरात वर येतोय, तो बघून जरा बरं वाटतं.

परत उपटून बघू का? खत देऊ का? कोणी यातून झाड वाचवलं असेल तर प्लीज सांगा, रोज सकाळी पहिलं तिथेच जाऊन बघते.

उत्तर: ताई, आत हिरवं आहे ना, मग झाड जिवंत आहे. पाणी आधी थांबवा. पाणी ओढतात ती बारीक मुळं, तीच तुटलीत, त्यामुळे माती ओली असूनही पानं तहानल्यासारखी दिसतात आणि आपण अजून पाणी ओततो. त्यात कुंडी मोठी आणि मुळं थोडी, म्हणजे माती वाळतच नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. बोट २ इंच आत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी, तेही तळातून वाहेपर्यंत एकदाच. तळाचं भोक बुजलंय का बघा, खाली ताटली असेल तर काढा. आठ-दहा दिवस उजेड भरपूर पण दुपारचं ऊन नाही अशी जागा द्या, मग हळूहळू उन्हात न्या.

चारही लिंबं काढा, वाईट वाटेल पण काढाच, आत्ता झाडाची ताकद मुळांकडे जायला हवी. हिरव्या फांद्या छाटू नका, वाळलेल्या काड्या तेवढ्या कापा. खत अजिबात नको. आणि तो खालचा फुटवा कलमाच्या जोडाच्या वर आहे की खाली? खाली असेल तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याचा, तुमच्या लिंबाचा नाही, बुडातून मोडून टाका.
मातीला कुबट वास येत असेल तरच उपटा. मुळं पांढरी, टणक असली तर ठीक, काळी लिबलिबीत असतील तेवढी कापून छोट्या कुंडीत लावा.

धागाकर्ती: खूप खूप आभार! फुटवा जोडाच्या खालीच निघाला, मोडला. लिंबंही काढली. भोकावर ठेवलेलं खापर चिखलाने गच्च बसलं होतं, काडीने मोकळं केलं तर कितीतरी पाणी निघालं. वास नाहीये, म्हणून उपटलं नाही.

धागाकर्ती: १२ दिवसांनी लिहितेय. पानं नऊच उरलीत पण गळायची थांबलीत, आणि मधल्या फांदीवर जुन्या देठाच्या बगलेत मोहरीएवढा हिरवा कोंब आलाय!! आता तरी खत देऊ का?

उत्तर: अजून नाही. त्या कोंबाची पानं पूर्ण उघडून गडद होऊ द्या, मग अगदी थोडं द्या, तेही माती ओली असताना.