छोटा गंधर्वांचं गाणं ऐकायला कुठून सुरुवात करू?

रंकाळावेस
आमची आज्जी अंथरुणाला खिळलीय. दिवसातून एकदा तरी "सौदागरचा कृष्ण" म्हणते आणि हात हवेत फिरवते. म्हणजे छोटा गंधर्व, एवढं कळलं. तिला फोनवर काय लावून देऊ? बालगंधर्वांचे ते नातेवाईक का?

पेटीवाला, शिवाजी पेठ
नातं नाही, बाळा. सौदागर नागनाथ गोरे, जन्म १९१८, सातारा जिल्ह्यातलं भाडळे. पोरवयातच बालमोहन नाटक मंडळीत आले. 'छोटा गंधर्व' हे नाव अनंत हरी गद्रे यांनी दिलं. आधी स्त्रीभूमिका केल्या, मग 'सौभद्रा'तला कृष्ण, 'मृच्छकटिका'तला चारुदत्त, 'मानापमाना'तला धैर्यधर. १९६० च्या 'सुवर्णतुला'ला संगीतही त्यांचंच.

आज्जीला 'नच सुंदरी करू कोपा' लाव. 'सौभद्रा'त रुक्मिणी रुसलीय आणि कृष्ण तिची समजूत काढतोय. इथल्या हौशी मंडळींना मी तीस वर्षं पेटीची साथ केली. पोरं तयारीनं ताना घेतात, पण समोर बाई रुसून बसलीय हे विसरतात. छोटा गंधर्वांच्या गाण्यात ती बाई शेवटपर्यंत समोर असते. 'मजवरी धरी अनुकंपा' म्हणताना गळा कसा मऊ होतो बघ. तान घेतली तरी ती मनधरणीचीच. माझे वडील म्हणायचे, गाणारा कृष्ण खूप पाहिले, बोलणारा हा एकच. मलाही तसंच वाटतं.

मग 'प्रिये पहा'. त्यात कृष्ण उजाडती पहाट दाखवतो. ते मध्येच थांबवू नकोस, पहाट सावकाशच उजाडते.

खासबाग
काका, आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, तेव्हा मला आधी ही पदंच आठवली. दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं थिएटर. आम्ही गल्लीतली माणसं रस्त्यावर नुसती उभी होतो.

रंकाळावेस
काका, लावलं. 'मजवरी'ला आज्जी फोनच्या आधी बोलली! शब्द एकही चुकला नाही. आता चारुदत्ताचं मागतेय. कुठलं लावू?

पेटीवाला, शिवाजी पेठ
'रजनिनाथ हा नभी उगवला'. वसंतसेनेला घरी पोचवताना वाटेत म्हणतो. खिडकी उघडी ठेव आणि रात्री लाव.