ओढ्याला बारमाही पाणी आलं, पण खेकडे-झिंगे कुठं गेले?

सीनाकाठ
राम राम मंडळी. मोहोळ तालुक्यात आमची शेती आहे, शेताला लागूनच ओढा आहे जो पुढं सीनेला मिळतो. आधी हा ओढा दिवाळीनंतर आटायचा, दोन-तीन डोह तेवढे राहायचे, तरी पहिला पाऊस झाला की रात्री बॅटरी घेऊन गेलं की पिशवीभर खेकडे, आई रस्सा करायची, सर्दीवर एक नंबर. आता उजनीच्या कालव्याचं पाणी आलंय, शिवारभर ऊस आहे, उन्हाळ्यातपण ओढा वाहतो आणि पाणी नितळ दिसतं. वरच्या अंगाला कारखाना नाही, गावाचं गटार आमच्या खाली मिळतं. बारके मासे आहेत अजून. पण खेकडा नाही, झिंगा नाही, शिंपला तर आमच्या पोरांनी बघितलेलाच नाही. पाणी नव्हतं तेव्हा सगळं होतं आणि पाणी आलं तर काहीच नाही, हे गणित काय डोक्यात बसंना. मधे जेसीबीनं खोलीकरणपण झालंय. कुणाला माहिती असेल तर सांगा.

अक्कलकोटी अण्णा
खेकडे सगळे भावकीत आलेत ओ, बांधावर बगा की 😀

पाणकिडा
अण्णा 😂 पण प्रश्न चांगलाय, मी प्राणिशास्त्रवाला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, नितळ पाणी बघून काही ठरवू नका. आता जे पाणी वाहतंय ते पावसाचं नाही, उसातून पाझरून आलेलं आहे, म्हणजे त्यात युरिया विरघळलेला, जमिनीतले क्षार विरघळलेले आणि हुमणीसाठी, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीसाठी, जे औषध सोडता तेपण. त्यातलं इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक पाण्यात सहज विरघळतं. त्याची गंमत अशी की माशाला त्याचा फार त्रास होत नाही, पण किड्यांच्या मज्जासंस्थेवर ते थेट घाव घालतं, आणि ओढ्यातले किडे काय वेगळे नाहीत, औषधाला शत्रू कीड कोणती आणि बिचारी कोणती ते कळत नाही. युरोपियन युनियननं २०१८ मधे उघड्या शेतात त्याचा वापर बंद केला तो मुख्यतः मधमाश्यांसाठी. फिप्रोनिल हे दुसरं कीटकनाशक तर झिंग्यांनापण जड जातं. म्हणून तुमच्याकडं मासे दिसतात आणि बाकीचं साफ.

दुसरं गाळ. खळाळात दगडांच्या मधे ज्या फटी असतात तीच या सगळ्यांची घरं. पूर्वी काठाला गवत, शिंदी, निरगुडी, करंज असायचं, पावसाचं पाणी त्यातून गाळून यायचं. आता नांगर थेट काठापर्यंत आणि आपली काळी माती, एका पावसात फटी लिंपून टाकते. पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात नितळ, पण फटी बुजल्या त्या बुजल्याच.

तिसरं सावली. झाडं गेली की पाणी तापतं, आणि तापल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. आपल्याकडं मे महिन्यात काय होत असेल बघा. त्यात युरियामुळं शेवाळ माजतं, दिवसा ते ऑक्सिजन सोडतं पण रात्री स्वतःच ओढून घेतं, पहाटे सगळ्यात वाईट अवस्था. तुम्ही ओढा दुपारी बघता.

खेकड्याचं अजून एक. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं पाण्यात तरंगत लांब लांब जातात, गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नाही, अंड्यातनं थेट बारका खेकडाच निघतो आणि काही दिवस आईच्या पोटाखाली चिकटून राहतो. पहिल्या पावसात पोटाखाली पिल्लांचा पुंजका असलेली मादी पकडली की एक अख्खी पिढी पिशवीत. एकदा संपला की दुसरीकडनं वाहत येणार नाही. शिंपल्याचं उलटं, त्याची अळी माशाच्या कल्ल्याला चिकटून प्रवास करते, मधे सिमेंटचा बंधारा आला की मासा अडला आणि शिंपलापण अडला.

ऊसवाला पंढरपूरकर
सर तुमचं सगळं बरोबर असेल पण आमच्या बाजूनंपण बोला की जरा. हुमणीनं एकरच्या एकर ऊस वाळतो, उपटला की मूळच नसतं, हातात येतं नुसतं वाडं, म्हणजे वरचा शेंडा. तिथं औषध नाही सोडायचं तर काय आरती करायची का तिची. आणि उजनीचं पाणी यायच्या आधी आमच्या आज्यानं ज्वारी-करडईवर दिवस काढले, कुणाला खेकड्याचं कौतुक नव्हतं, उलट बांधाला भोकं पाडतो म्हणून शिव्या खायचा. दरवेळी शेतकऱ्याच्याच नावानं बिल फाडायचं हे पटत नाही, शहरं काय सोडतात नदीत ते बघा आधी.

पाणकिडा
दादा शहराच्या सांडपाण्याबद्दल दुमत नाही. पण यांच्या ओढ्यावर शहरच नाही ना, मग दुसरं कुणाचं नाव घेऊ.

हुमणीचं म्हणाल तर वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे, म्हणजे मोठे झालेले किडे, कडुनिंब-बाभळीवर येतात, फांद्या हलवून, प्रकाश सापळे लावून तेव्हाच गोळा केले तर नंतर सोडायचं औषध कमी लागतं, मात्र हे सगळ्या गावानं एकदम करावं लागतं, एकट्याचं काम नाही. आणि ओढ्यातले किडे बिनकामाचे नाहीत, चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. ती मेली की डासांना रान मोकळं.

डाळिंब सांगोला
आमच्याकडं ऊस कमी, डाळिंब जास्त, पण ओढ्याची कथा तीच. यात एक गोष्ट कुणी बोललं नाही. ब्लोअरची, म्हणजे फवारणी यंत्राची, टाकी भरायला ट्रॅक्टर थेट ओढ्यात घालतात, फवारणी झाली की तिथंच टाकी विसळतात, रिकाम्या बाटल्या काठाला. मी बघितलंय, सकाळी विसळलं की दुपारी खालच्या डोहात पाण्यावर पळणारे ते लांब पायाचे किडे उलटे पडलेले असतात. शेतातनं पाझरून येणारं औषध थोडं थोडं येतं, हा डोस एकदम. आणि डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी आपण जे तांब्याचं मारतो, मोरचूद वगैरे, ते गोगलगायी मारायला पूर्वी मुद्दाम वापरायचे, म्हणजे ओढ्यातल्या गोगलगायीला काय होत असेल सांगायलाच नको. आम्ही शेतात २०० लिटरचं बॅरल ठेवलंय, भरणं तिथंच, विसळलेलं पाणी परत बागेतच मारायचं. खर्च काही नाही, सवयीचा प्रश्न आहे.

सीनाकाठ
मनापासून आभार सगळ्यांचे. आज जाऊन दगड उलटे करून बघितले. आमच्या शेताजवळ दगडाखाली नुसता काळा गाळ, त्यात वळवळणाऱ्या लाल बारक्या अळ्या आणि थोड्या गोगलगायी, बाकी काय नाही. मग वर चालत गेलो, जिथं गायरान आहे आणि ऊस नाही, तिथं धार बारीक आहे पण दगड स्वच्छ, आणि खाली चपटे किडे, शेपटीला तीन केस, पोटाच्या दोन्ही बाजूला पिसासारखं काहीतरी सारखं हलतंय. आणि वाळूचे कण चिकटवून केलेली बारकी नळी, आत अळी. हे काय आहे? आणि आमच्याकडच्या लाल अळ्या गांडुळाची पिल्लं का?

पाणकिडा
वा, कामच केलंत! तीन शेपट्यांचं ते मेफ्लाय नावाच्या किड्याचं पिल्लू, हलतात ते त्याचे कल्ले. नळीतली अळी कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याची. दोघांना बहुतेक चांगला ऑक्सिजन आणि मोकळे दगड लागतात. लाल अळ्या गांडुळाच्या नाहीत, कायरोनोमिड नावाच्या न चावणाऱ्या माशीच्या आहेत, त्यांच्यात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं म्हणून कमी ऑक्सिजनमधेही तगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक पद्धतपण अशीच आहे, कोणते किडे सापडतात त्यावर १ ते १० गुण, लाल अळ्यांना तळातले गुण.

तुमच्यासाठी चांगली बातमी म्हणजे गायरानातला तुकडा. मेफ्लाय मोठा झाला की उडतो, अंडी घालायला खाली येऊ शकतो, तुमच्याकडं दगड मोकळे झाले आणि औषध कमी झालं तर किडे लवकर परततील. खेकड्याला वेळ लागेल. गायरानात खेकड्याची बिळं दिसली का?

सीनाकाठ
दोन बिळं दिसली, तोंडाशी ताजी माती होती. पण ग्रामपंचायतीत त्याच भागाच्या खोलीकरणाचा ठराव आलाय म्हणतात.

पाणकिडा
मग आधी ते बघा. गाळ काढायचाच असेल तर बंधाऱ्यामागचा काढा म्हणावं, खळाळाला आणि काठाच्या झाडांना हात लावू नका. पाणी साठतं ते डोहात आणि बंधाऱ्यामागं, खळाळ खोदून एक घागर जास्त मिळणार नाही. ग्रामसभा कधीय?

सीनाकाठ
पुढच्या आठवड्यात. डाळिंबवाले दादा, तुमच्या बॅरलचा एक फोटो टाका, सरपंचांना दाखवतो.