मदत हवी आहे: थोरल्याला ऑटिझम, म्हणून धाकटीचा एमआरचा (गोवर-रुबेला लशीचा) दुसरा डोस घरच्यांनी अडवलाय

देवगडकरीण:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. लांबलाय, सांभाळून घ्या.

थोरला साडेतीन वर्षांचा. दिवाळीनंतर गोव्यात दाखवलं तेव्हा ऑटिझम सांगितलं. कानांची तपासणी त्याआधीच झाली होती, ऐकू उत्तम येतं. कोकण रेल्वेची अख्खी घोषणा 'यात्रीगण कृपया ध्यान दें'पासून सुरासकट म्हणतो. पण तहान लागली की माझं मनगट धरून माठापाशी नेतो आणि माझा हात तांब्यावर ठेवतो. 'आई, पाणी' नाही. निदान ऐकून मी रडले वगैरे नाही. खरं सांगायचं तर काय करायचं ते कळल्यामुळे जरा सुटल्यासारखंच झालं.

त्रास पुढे सुरू झाला. दीर न्यू जर्सीला असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प आणि त्यांचे आरोग्यमंत्री केनेडी यांनी गरोदरपणातल्या टायलेनॉलचा संबंध ऑटिझमशी जोडला, ती क्लिप भाऊजींनी तेव्हाच कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली होती. टायलेनॉल म्हणजे आपली क्रोसिन, डोलो. निदान झाल्यावर ती क्लिप पुन्हा वर आली. थोरल्याच्या वेळी भर पावसात ताप चढला होता आणि मी गोळ्या घेतल्या होत्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक. आता सासूबाई जेवताना मधेच विचारतात, "किती गोळये खाल्लंस गो तेव्हा?"

पुण्याच्या नणंदबाई ट्रम्पच्या कट्टर विरोधात. त्यांनी भाऊजींना उत्तर दिलं, भाऊजींनी त्यांना 'तू त्या चॅनेलवाल्यांची' म्हटलं, आणि दोन दिवसांत विषय दिल्लीच्या राजकारणावर जाऊन दोघांनी ग्रुप सोडला. माझ्या मुलाबद्दल त्या सगळ्या भांडणात कोणी एक ओळ विचारली नाही.

आता मुद्द्याचं. लशींमुळेही ऑटिझम होतो असं घरच्यांच्या डोक्यात बसलंय. धाकटी सतरा महिन्यांची आहे. एमआरचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर द्यायचाय. आशाताई आल्या तर सासूबाईंनी खळ्यातूनच परत पाठवलं. नवरा म्हणतो, "दोन वर्षांची होईपर्यंत थांबू, काय बिघडतंय?" भाऊजींचं म्हणणं, आता सीडीसीनेच, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनेच, आपल्या वेबसाइटवर लशींबद्दलची भूमिका बदललीय, शिवाय अमेरिकेत १५० मुलांत एक होतं ते आता ३१ मुलांत एक झालंय, ते उगाच का?

लशीवर माझा विश्वास आहे. तरी एक भीती आहे, ती इथे लिहिते कारण घरात बोलता येत नाही. मी हट्टाने डोस दिला आणि उद्या धाकटीलाही ऑटिझम निघाला, तर? जन्मभर ते माझ्या माथी बसेल. कोणी या प्रसंगातून गेलंय का? घरच्यांना काय सांगितलंत? आणि देवगड-कणकवली भागात थेरपीची सोय कुठे आहे?

वाशिष्ठीकाठ:

ताई, चिपळूणला मुलांचा डॉक्टर आहे. तुमच्या भीतीपासून सुरुवात करतो, कारण ती खोटी नाही. थोरल्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्याला असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. लस द्या वा देऊ नका, हा आकडा तोच राहतो. हे तपासूनही झालंय. अमेरिकेत २०१५ मध्ये सुमारे ९५ हजार मुलांचा अभ्यास आला, त्यात थोरल्याला ऑटिझम असलेली धाकटी भावंडं वेगळी काढून पाहिली होती. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला लस) घेतलेल्यांत प्रमाण वाढलेलं नव्हतं. डेन्मार्कच्या २०१९ च्या अभ्यासात साडेसहा लाखांवर मुलं होती, तिथेही तेच.

म्हणून असं करा. डोसच्या आधी धाकटीची चाळणी, म्हणजे ऑटिझमची प्राथमिक तपासणी, करून घ्या. एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी. बोट दाखवते का, हाक मारल्यावर बघते का, असले प्रश्न. थोरल्यामुळे तिची ही तपासणी तशीही व्हायलाच हवी. कागदावर तारीख पडली की उद्या काही निघालंच तरी 'डोसनंतर झालं' हे बोलणं टिकणार नाही. मात्र चाळणीचं निमित्त करून डोस लांबवू नका. दोन्ही एकाच आठवड्यात उरका.

ऑटिझमची लक्षणं डोळ्यांवर येतात दीड वर्षाच्या आसपास आणि डोसही तेव्हाच असतो. गणपतीत भात पोटरीला येतं, म्हणून आरतीमुळे कणीस भरलं असं कोणी म्हणत नाही.

आकड्यांबद्दल. १५० ला एक हा २००० सालचा, ३१ ला एक हा २०२२ चा, दोन्ही अमेरिकेतल्या आठ वर्षांच्या मुलांचे. मधल्या काळात, २०१३ मध्ये, निदानाची व्याख्या बदलली, अ‍ॅस्पर्जर वगैरे आधी वेगळी धरलेली निदानं एकाच छत्राखाली आली, आणि तपासणी वाढली. भाऊजींना हे विचारा: त्याच २०२२ च्या पाहणीत कॅलिफोर्नियात १९ ला एक आणि टेक्सासच्या लारेडोत १०३ ला एक कसं? लसी तर दोन्हीकडे त्याच. शोधणारे जिथे जास्त, तिथे सापडतात जास्त. सगळी वाढ एवढ्यानेच झाली असं मी म्हणणार नाही. उशिरा होणारी मुलं, कमी दिवसांची वाचणारी बाळं, हेही त्यात आहे.

सीडीसीचं पान नोव्हेंबर २०२५ मध्ये बदललं हे खरं. पण 'लशींमुळे ऑटिझम होत नाही' हे शीर्षक तेव्हा तसंच ठेवलं, त्यापुढे तारांकन (*) देऊन खाली टीप दिली की सिनेटच्या समितीच्या अध्यक्षांशी ठरल्यामुळे ते काढलेलं नाही. मजकूर बदलायला लावणारा एकही नवा अभ्यास सोबत आलेला नाही. यावरून काय ते ओळखा.

आणि पॅरासिटामॉल, म्हणजे टायलेनॉल-क्रोसिनमधलं औषध. स्वीडनमध्ये २०२४ साली जवळजवळ २५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या. सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर संबंध उरला नाही. गरोदरपणातला चढता ताप अंगावर काढणंच धोक्याचं. तुम्ही गोळी घेतलीत ते बरोबर केलंत, हे सासूबाईंसमोर बोलून दाखवा.

तिरपागडा:

डॉक्टर लोक औषध कंपन्यांचीच बाजू घेणार. ज्या पक्षाला ज्याचा पैसा...

संपादक मंडळ:

वरचा प्रतिसाद आणि त्यावरची पुढची हाणामारी 'राजकीय घडामोडी'त हलवली आहे. इथे फक्त धागाकर्तीच्या प्रश्नाला उत्तरं द्यावीत.

निवृत्त_सिस्टर:

बाय माझे, मालवण तालुक्यात उपकेंद्रावर आयुष्य गेलं माझं. सासूशी अभ्यासांवरून वाद घालू नको, ती ऐकायची नाही. तिला विचार, तुमच्या लहानपणी वाडीत गोवर आला होता का, कोणाचं पोर गेलं का. आणि मग गप्प बस. त्या पिढीकडे एक तरी नाव असतंच.

"आमच्या टायमार खय होतो ह्यो रोग?" हे मीही खूप ऐकलंय. दर वाडीत एक होताच, पडवीत एकटा बसून राहणारा, ठरलेल्या ताटातच जेवणारा. त्याला कोणी डॉक्टरकडे नेला नाही इतकंच.

नवऱ्याला सांग, शिमग्याला मुंबईकरांनी घरं भरतात. मुंबईत गोवंडीला २०२२ मध्ये गोवराने मुलं दगावली होती. दोन वर्षांची होईपर्यंत थांबणार कशाला? एमआरमधला आर म्हणजे रुबेला, आणि गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळाला ऑटिझमचा धोका वाढतो. म्हणजे जी लस अडवतात तीच त्या एका कारणावर उपाय आहे.

कागदपत्रांचं आत्ताच बघ. २०१६ च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझम आहे, तेव्हा यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज भर. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत विमा मिळतो, थेरपीही त्यात धरतात. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी कर. आणि कोणी स्टेमसेलचं पॅकेज घेऊन आलं तर दारातूनच परत लाव. मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी ते नको म्हणून सांगितलंय.

देवगडकरीण:

डॉक्टर, सिस्टर, खूप आभार. सासूबाईंना गोवराचं विचारलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं नाव निघालं, मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. डोसला हो म्हणालेल्या नाहीत, पण आशाताईंना घरात बसवून चहा दिला. नवरा चाळणीला तयार आहे, लसीकरणाच्या दिवशी मी धाकटीला घेऊन जाणार. भाऊजींना लारेडोचा प्रश्न पाठवलाय, निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

थेरपीचं मात्र अजून अडलंय. ओरोसला आठवड्यातून किती वेळा बोलावतील कोण जाणे, आणि एसटीत थोरला कानांवर हात घेऊन किंचाळतो. कणकवलीत किंवा तळेऱ्यापर्यंत कोणी स्पीच थेरपिस्ट ठरावीक वारी येत असेल, किंवा आईला घरी करायचं शिकवणारा मराठीतला ऑनलाइन वर्ग कोणी केला असेल, तर फी काय पडते त्यासकट व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.